ओट्यावरची परीक्षा

आमच्या मोठ्या डॉक्टरांना बसलेलं पाहिल्याचं मला फारसं आठवत नाही. जेवतानाही ते ताट हातात घेऊन व्हरांड्यात उभे असत आणि दोन घासांच्या मध्ये वॉर्डात डोकावून येत. त्यांच्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर पुस्तकं, मोडक्या कडीची पेटी आणि कुणाचा तरी विसरलेला फेटा पडलेला असे. आम्ही शिकाऊ डॉक्टर त्यांच्या मागून पळत असू. पळत हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. लुगड्याचा घोळ सावरत त्या माणसामागून दवाखान्याला एक फेरी मारून बघा, म्हणजे समजेल.

कोटाच्या दोन्ही खिशांत भाजलेल्या शेंगा. चालता चालता फोडायच्या, दाणे तोंडात, टरफलं जमिनीवर. झाडूवाली त्यांच्या नावानं रोज बोटं मोडायची. पण मोठे डॉक्टर कुठे आहेत असं कुणी विचारलं, तर तीच टरफलांकडे हात करून वाट दाखवायची.

लढाईचे दिवस होते. क्विनाईन मिळत नव्हतं, रॉकेल मिळत नव्हतं आणि डॉक्टर तर मुळीच मिळत नव्हते, कारण जो तो पलटणीत भरती होत होता. मी पुण्याला डॉक्टरकीची एल.सी.पी.एस. परीक्षा पास झाले आणि आमच्या नगर जिल्ह्यातच, जामखेडच्या बाजूला, एका बाजाराच्या गावी ट्रस्टच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून लागले. वडील नगरच्या कोर्टात कारकून. त्यांचं म्हणणं, एवढं शिकलीस ते पुष्कळ झालं, आता मुलींच्या शाळेत आरोग्य शिकव. मला कुणाला नखं कापायला शिकवायचं नव्हतं. मला माझा दवाखाना हवा होता. लहान चालला असता, गळका चालला असता, पण ज्याच्या दारात उभी राहून मी 'पुढचं कोण?' म्हणेन असा.

तसा एक होता. खर्ड्याला. आमच्याच ट्रस्टचा, कुलूप घालून ठेवलेला. खर्ड्याच्या आणि हद्दीपलीकडच्या, निजामाच्या मोगलाईतल्या बायका पुरुष डॉक्टरला पोट दाखवत नसत, त्यामुळे बाई मिळाली तर ट्रस्टला हवीच होती. अडचण एकच. मोठ्या डॉक्टरांनी एक वाक्य लिहून सही करायला हवी होती: 'यांना रोग्यापाशी एकटं सोडायला हरकत नाही.' एवढंच. पण ते वाक्य लिहायला त्यांचा हात उठत नसे. ट्रस्टनं दसऱ्यापर्यंत वाट बघायची ठरवली होती. तोवर कुणी गेलं नाही तर खर्ड्याची कपाटं, टेबलं उचलून दुसऱ्या गावाला द्यायची आणि विषय संपवायचा. म्हणजे माझाही विषय संपला.

पुस्तकातलं ते काही विचारत नसत. "ते पुण्यात विचारून झालंय," म्हणायचे. "पाठ तर पोपटही म्हणतो. त्याला मी नाडी धरायला देत नाही."

मागच्या अंगणात त्यांनी एक लोखंडी पिंप ठेवलं होतं. छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटानं ठोकायचं आणि आत पाणी कुठवर चढलंय ते आवाजावरून ओळखायचं, हे डॉक्टरकीतलं पहिलं काम. ते आम्ही त्या पिंपावर करायचं. झाकण बंद. ठोकून खडूनं रेघ मारायची, मग ते झाकण काढून काठी बुडवून बघणार. आधी तिथे मातीचा रांजण होता म्हणे. पण रांजणाला पाणी असेल तिथवर बाहेरून ओल येते. पोरं ठोकल्याचं सोंग करायची आणि ओल बघून रेघ मारायची. "रांजण फितूर निघाला," असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

रेघ जरा चुकली की म्हणायचे, "या माणसाला तू सुई खाली खुपसलीस. यकृतात गेली. मेला. चल, पाणी बदलून परत."

मी त्या पिंपावर इतकं ठोकलं की माझं मधलं बोट सुजलं. त्या पिंपात माझ्या हातून जितकी माणसं मेली तितकी पुढे आयुष्यात मेली नाहीत, देवाची कृपा. तेव्हा मात्र मला त्या माणसाचा असा राग यायचा की झाकणासकट पिंप त्याच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटायचं.

पण खरी परीक्षा पिंपाची नव्हे. खरी परीक्षा ओट्यावरची.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं गाड्या जुंपून येत. भाजी विकायची, मीठ-मिरची घ्यायची आणि जाता जाता दवाखाना. त्या दिवशी ते एका शिकाऊ डॉक्टरला तपासणीच्या खोलीत एकटं बसवत आणि स्वतः बाहेर ओट्यावर रोग्यांमध्ये जाऊन बसत. होय, तेवढा वेळ बसत. पण तेही उकिडवे, आणि दर घटकेला जागा बदलून. डोक्यावरून घोंगडी घेतलेली. खोलीतून रोगी बाहेर आला की त्याला गाठायचं आणि विचारायचं, "काय म्हनलं डाक्टर? काय झालंय तुला? औशद कसं घ्यायचं?" रोग्याला धड सांगता आलं तर डॉक्टर पास. नाही आलं तर नापास. रोगाचं निदान बरोबर असलं तरी नापास. "डॉक्टर तपासायचा तर त्याचा रोगी तपासा," हे त्यांचं ब्रीद.

त्यांना वाटायचं, घोंगडीत आपल्याला कुणी ओळखत नाही. सगळी पंचक्रोशी ओळखत होती. एक तर त्यांचं ते खेड्यातलं बोलणं ऐकवत नसे, आणि घोंगडीखालून सतत टरफलं पडत. पण मोठ्या माणसाची हौस मोडू नये म्हणून लोक मान खाली घालून, "ह्ये बघा पाव्हनं," असं म्हणून उत्तर देत. पाव्हनं म्हटलं की ते खूश.

माझ्या आधी पुण्याचा एक मुलगा होता. हुशार, सुवर्णपदकवाला, बोलायला लागला की ऐकत राहावं असा. त्याच्या खोलीतून एक शेतकरी बाहेर आला. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हनलं डाक्टर? तो म्हणाला, "काय कळलं न्हाई बगा. पन मानूस लई हुशार हाय."

डॉक्टर घोंगडी टाकून खोलीत शिरले. "तू हुशार आहेस हे त्याला कळलं, त्याला काय झालंय ते कळलं नाही. नापास."

तो मुलगा आठवड्याच्या आत सैन्यात भरती झाला. जपान्यांपेक्षा हा माणूस जास्त छळतो, असं जाताना म्हणाला.

मीही नापास झाले. एकदा नव्हे. पहिल्या वेळी एक बाई बाहेर जाऊन म्हणाली, "बाई लई ग्वाड हाय. माज्या पोरांची नावं इचारली." पुढचं विचारलं तर तिला पुडी कधी घ्यायची ते सांगता येईना. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्यानं माझ्या प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" केलं आणि बाहेर जाऊन सांगितलं की बाटलीतलं औषध गुडघ्याला चोळायचंय. औषध पोटात घ्यायचं होतं. गुडघ्याचं नावही निघालं नव्हतं.

त्या दिवशी मी भांडले. त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मी नीट सांगितलं होतं. तो व्हय म्हणाला."

"तू सांगितलंस, मान्य," ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत जात म्हणाले. "पोचलं नाही. इथं पोचलं नाही तर मी पळत जाऊन त्याला अडवतो. खर्ड्याला तुझ्या दारात कोण उभा राहणार? मी इथं असेन. तू कुणाला काय पाजतेस ते मला दिसणार नाही. एकदा सही केली की तुझ्या हातून जे मरेल ते माझ्याही हातून मरेल. मग सांग, मी बसू कसा?"

"मग कुणालाच पाठवू नका," मी म्हटलं. "म्हणजे लोक डॉक्टरविना मरतील, तुमच्या हातून नव्हे. तुम्ही निवांत बसा."

ते थांबले. मला वाटलं, आता हाकलणार. त्यांनी खिशातून मूठभर शेंगा काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि वॉर्डाकडे निघून गेले. मी त्या शेंगा रागानं खिडकीबाहेर फेकल्या. नंतर वाईट वाटलं, कारण भूक लागली होती.

त्यानंतर मी एक केलं. औषध सांगून झालं की रोग्याला म्हणायचं, आता मला सांगा, घरी गेल्यावर काय करणार? त्याच्या शब्दांत बाहेर यायला हवं. चुकलं तर पुन्हा सांगायचं. वेळ लागायचा, रांग लांबायची, लोक कुरकुरायचे. पण पोचायला लागलं.

या सगळ्यात खर्ड्याची मावशी कुठून आली, तर ती दर बाजाराला येतच असे. नात्यानं माझी कुणी नव्हे, सगळेच तिला मावशी म्हणत. बागायतदार घरची बाई, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिला स्वतःला एक पित्त सोडलं तर काही नव्हतं. पण डॉक्टरीणबाई आपल्याच गावाला यायची हे तिनं ठरवून टाकलं होतं. तिकडच्या बंद दवाखान्यापुढची जागा तिनं दोनदा सारवूनसुद्धा घेतली होती. "तुमी याच," म्हणायची. "आमच्या बायका मरत्यात पन त्या बाप्या डाक्टरला प्वाट दावत न्हाईत." मावशीचा मला आधार वाटायचा आणि धाकही वाटायचा. इतकं प्रेम करणारी माणसं फार काळजीपूर्वक हाताळावी लागतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

दसऱ्याआधीचा शेवटचा बाजार. मला खोलीत बसवलं. डॉक्टर घोंगडी घेऊन बाहेर. आज झालं तर झालं.

सकाळीच मावशी आत आली. बरोबर सून. कोवळी पोर, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. मावशीच बोलत होती, सून जमिनीकडे बघत होती. "काय न्हाई, जरा पाय सुजल्यात." मी पाय बघितले. नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. पापण्या जड. "डोकं दुखतं का गं?" मी सुनेला विचारलं. तिनं सासूकडे पाहिलं, मग हळूच मान हलवली. "डोळ्यांपुढे अंधारी?" पुन्हा मान हलली. लघवी नळीत घेऊन तापवली, ती नासक्या दुधासारखी फुटली. रक्तदाब बघितला, तो भलताच चढलेला होता.

मी दोघींना समोर बसवून सांगितलं. हे वाढलं तर झटके येतील, आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेतेल. आज घरी जायचं नाही. आत्ता इथेच खाटेवर पडायचं. मावशीला परत म्हणायला लावलं. मावशीनं अगदी नीट सांगितलं, "झटकं येतील म्हून हितंच ऱ्हायाचं." मी नर्सला खाट तयार करायला सांगितली आणि पुढचा रोगी घेतला.

सकाळ चढली. रोगी येत होते, जात होते. मला बरं वाटत होतं. सगळे नीट ऐकत होते, नीट परत सांगत होते. आज कागद हाती लागणार, असं मनात म्हणते तोच दार धाडकन उघडलं आणि डॉक्टर आत. खांद्यावर घोंगडी तशीच. तोंड लाल.

"अहो बाई," ते म्हणाले. एरवी ते मला 'तू' म्हणत, रागावले की 'अहो'. "सगळ्या गावाला एकच औषध दिलंत का?"

"म्हणजे?"

"जो तो बाहेर येऊन सांगतो, पांढरी पुडी, सकाळ-संध्याकाळ, उकळून गार केलेल्या पाण्यातून, आणि बाई लई नीट समजावून सांगती. खोकलेवाला तेच. खरूजवाला तेच. आत्ता एकजण आला त्याचा तुम्ही दात उपटलाय. गालात बोळा धरून तोही म्हणतो, पांढरी पुडी."

मला काही कळेना. दारात नर्स उभी होती. ती हसू दाबत म्हणाली, "त्या खर्ड्याच्या मावशी हाईत न्हवं, त्यांनी सकाळधरनं बाहेर रस्त्यावरच समद्यांकडनं पाठ करून घेतलंय. म्हनल्या, बाईची परीक्षा हाय, कुनी चुकायचं न्हाई."

माझ्या अंगाची आग झाली. इतके महिने त्या पिंपावर बोट सुजवून घेतलं, आणि आता पाठांतरानं माझं वाटोळं. मी ओरडलेच, "कुठे आहेत मावशी?"

"त्या गेल्या की. सुनंला घिऊन. खाट नगं म्हनल्या. गाडी जुपायला लागल्यात."

राग जागच्या जागी विरला. मी डॉक्टरांना विचारलं, "मावशी बाहेर आल्या तेव्हा तुम्ही विचारलंत ना?"

"विचारलं. पांढरी पुडी म्हणाली."

"आणि सुनेला?"

"सासू सांगत होती की."

मी उठले. खोलीबाहेर पंधरा-वीस माणसं ताटकळत होती. "रोगी टाकून कुठे निघालात?" ते कडाडले.

"रोगी निघालाय, त्याच्या मागे," मी म्हटलं आणि धावले.

बाजार ऐन भरात होता. मिरच्यांच्या ढिगांमधून, बांगड्यांच्या हारांमधून, कोंबड्यांवरून उड्या मारत मी पळत होते, आणि लोक बघत होते. डॉक्टरीण पळते आहे म्हणजे कुठे तरी कुणी मेलं, असं म्हणून अर्धा बाजार माझ्या मागे. गावाबाहेर चिंचेखाली गाड्या सोडलेल्या असत. मावशीची गाडी जुंपून झाली होती. मी जाऊन बैलाची वेसण धरली. जन्मात कधी बैलाला हात लावला नव्हता.

"मावशी, काय सांगितलं होतं मी?"

मावशी जराही गोंधळली नाही. उलट माझी समजूत घालायला लागली. "आवो, पुढल्या बाजाराला आनते की तिला. आज तुमची परीक्षा. आजच्या दिसाला आसली आवघड पोर तुमच्या हाताखाली घातली आन् काय वंगाळ झालं, तर तुमाला आपेश यील. मोठं डाक्टर कागुद देनार न्हाईत. मग तुमी आमच्याकडं कशा येनार? चार दिस कळ काढंल ती."

तिच्या तोंडावर लबाडी नव्हती. माझ्या भल्यासाठी ती स्वतःची सून परत नेत होती. मला तिला मारावंसं वाटलं आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी गाडीत डोकावले. पोर गवतावर पडली होती, डोळ्यांवर पदर ओढून.

"तुला काय वाटतं गं?" मी विचारलं.

पदराआडून आवाज आला. "मला कायबी दिसंना झालंय. पन आत्याबाई म्हनल्या, बाईंची परीक्षा हाय."

तेवढ्यात डॉक्टर पोचले होते. धापा टाकत, घोंगडी खांद्यावर. मी वळले आणि त्या भर बाजारात, पोरंबाळं, गुरंढोरं, सगळ्यांच्या देखत त्यांच्यावर तुटून पडले.

"ऐकलंत? तुमची परीक्षा. सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे तुमची परीक्षा. घोंगडी घेतली म्हणजे लोक आंधळे होतात का? आजारी माणसं तुमच्यासाठी बरी असल्याचं सोंग करतात. आणि इतकी वर्षं तुम्ही ओट्यावर बसून विचारताय ते कुणाला? बाई आजारी असली तर सासूला. पोर आजारी असली तर बापाला. जो मोठ्यानं बोलेल त्याला. दुखतं कुणाला? तिला कधी विचारलंत?"

  मला वाटलं होतं डॉक्टर उसळतील, मग मी आणखी भांडेन. ते मला वळसा घालून गाडीकडे गेले.

आणि त्याच वेळी गाडीत पोरीचं अंग ताठ झालं. पहिला झटका.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. जीभ चावली जाऊ नये म्हणून मी पदराची गुंडाळी तिच्या दातांत सरकवली, तिला कुशीवर वळवलं. गाडीवान बैल हाकायला लागला तर मी त्याच्यावर ओरडले, सावकाश. धक्का बसला की झटका येतो. मावशी "आई गं, माज्या हातानं," एवढंच परत परत म्हणत होती. डॉक्टर बैलांच्या पुढे चालत रस्ता मोकळा करत होते.

दवाखान्यात मी कोपऱ्यातली खोली घेतली. उजेड नको, आवाज नको. खिडकीला पडदा नव्हता, म्हणून डॉक्टरांच्या खांद्यावरची घोंगडी ओढून घेतली आणि खिळ्यांना अडकवली. मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं, मग झटके थांबवायला मॅगसल्फ. ते माझ्या मागे उभे होते. सवयीनं म्हणाले, "पुढे?"

"पुढे तुम्ही गप्प उभे राहा," मी म्हटलं.

त्यांनी हलक्या हातानं दार लोटून घेतलं. त्यांच्या आयुष्यात त्यांना असं कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

पोर वाचली. मूल वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली, ती आधीच गेलेली होती. मावशीनं तिला लुगड्यात गुंडाळून बाहेर नेलं.

आमच्याकडे असा दंडक होता, मोठ्या डॉक्टरांचाच, की बाळंतिणीला ताप असेपर्यंत असलं काही सांगायचं नाही. मावशीचंही तेच म्हणणं. "पोर दुसऱ्या खोलीत हाय, तुजा ताप लागंल म्हून आनत न्हाईत," असं तिनं सुनेला सांगून ठेवलं. सुनेनं काही विचारलं नाही. ती विचारणारी नव्हतीच. मी दिवसातून दहादा त्या खोलीत जायची आणि दहादा तिच्याकडे न बघता बाहेर यायची. जीव थाऱ्यावर नव्हता. परीक्षेचं कुणी नाव काढत नव्हतं, मीही नाही. दसरा तोंडावर आला होता.

तीन-चार दिवसांनी डॉक्टर फेरीला आले. खाटेपाशी थांबले. मावशीनं नेहमीसारखं सुरू केलं, "बरी हाय, भाकरी खाल्ली, रातच्याला..."

"मावशी, तुम्ही थांबा," ते म्हणाले. मग पोरीकडे वळले. "तू सांग. काय झालंय तुला? सांगितलं का कुणी?"

तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं खाली पाहिलं. मग ती छताकडे बघत म्हणाली, "झटकं आल्ते म्हनत्यात."

"आणि?"

"आन् माजं लेकरू गेलंय. त्ये कुनी सांगितलं न्हाई. पन दूध येतंय आन् पाजाया कुनी आनत न्हाई. मग कळतंच की."

डॉक्टरांच्या तोंडावरचा रंग गेला. त्यांनी मला दंडाला धरून दाराशी नेलं. जे बोलले ते इतकं हळू की मला वाकावं लागलं. "मला हे जमत नाही. इतक्या वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही. दुसरं कुणी तरी सांगतं, तोवर मी पुढच्या खाटेपाशी गेलेला असतो. तू सांगतेस?"

त्या आवाजात परीक्षा नव्हती. मला त्यांचा इतका राग आलेला होता, तो कुठे गेला कळलं नाही. वाईट वाटलं त्या माणसाचं.

मी खाटेच्या कडेला बसले. तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. मुलगी होती. पोटातच गेली होती. तुला जो आजार झाला त्यानं गेली. तू ग्रहणात काही चिरलंस म्हणून नव्हे, जड उचललंस म्हणून नव्हे, तुझं काही चुकलं म्हणून नव्हे. कशी दिसत होती ते तिनं विचारलं. मी सांगितलं, केस दाट होते. मग ती रडली. मावशी भिंतीला टेकून रडली. मीही रडले आणि लपवलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं. "पुन्यांदा दिस गेलं तर आसंच व्हईल?"

"होईलही, कदाचित नाहीही होणार," मी म्हटलं. "आज मला सांगता येत नाही. पण दिवस राहिले की लगेच यायचं. दर बाजाराला लघवी तपासायची. पाय सुजले, डोकं दुखलं, अंधारी आली, की त्याच दिवशी. कुणी नको म्हणालं तरी. आता तू सांग मला, काय करशील?"

तिनं सगळं सांगितलं, एकेक करून, तिच्या शब्दांत. मग थांबली. कपाळाला आठी पडली.

"पन याचं कुटं? हितं? हितवर याला आर्धा दिस लागतो. गाडी काय माज्या हातात न्हाई."

 मी मावशीकडे बघितलं, मावशीनं माझ्याकडे. परवा दसरा होता.

डॉक्टर अजून दाराशीच होते.

"इथं कशाला?" ते तिला म्हणाले. "खर्ड्यालाच जायचं, घरातून चालत. बाई आता तिथंच असणार आहे."